यंत्र कंपनीचे, शहर आपले

माझगावच्या एका बंगल्यात १८३४ साली गॅसचे दिवे लागले. बंगला होता अर्देशीर खर्शेदजी वाडिया यांचा. पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातल्या या पंचविशीतल्या तरुणाला वाफेच्या यंत्रांनी झपाटले होते. घर आणि बाग गॅसच्या उजेडाने उजळून त्यांनी मुंबईला चकित केले. खुद्द गव्हर्नर तो उजेड पाहायला गेला. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने अर्देशीरना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

मुंबईच्या रस्त्यावर मात्र गॅसचा दिवा लागायला ऑक्टोबर १८६५ उजाडावा लागला. भेंडी बाजार, चर्चगेट स्ट्रीट अशा भागांत दिवे पेटवणारे कामगार एका खांबाकडून दुसऱ्याकडे निघाले, तेव्हा बघ्यांची गर्दी त्यांच्या मागोमाग चालत होती, असे जुन्या नोंदी सांगतात. अर्देशीरच्या बागेतला उजेड भेंडी बाजारात पोहोचायला एकतीस वर्षे लागली.

हा उशीर यंत्रामुळे झाला नव्हता. गॅस कसा तयार करायचा हे याच शहरातल्या एका माणसाने करून दाखवले होते. पण बंगल्याला मालक होता आणि रस्त्याला नव्हता. खांब कुठे उभारायचे, गॅसचे पैसे कोण देणार, त्यासाठी कर कुणावर बसवायचा आणि दिवा विझला तर जाब कुणाला विचारायचा, हे ठरवणारी समर्थ संस्था शहराकडे नव्हती. १८५८ च्या कायद्याने तीन आयुक्तांकडे शहराचा कारभार सोपवला होता, पण तो धड चालला नाही. १८६५ मध्ये नवा कायदा आला. शहरातल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींची एक कायदेशीर संस्था झाली आणि कारभाराची सूत्रे एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आली. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैसा खेळत होता, त्याचाही हातभार लागला. पण शहराच्या नावाने निर्णय घेणारा हात आणि रस्त्यावरचा गॅसचा दिवा एकाच वर्षी अवतरले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नगरपालिका नवे तंत्रज्ञान कसे स्वीकारते, हे समजून घ्यायला मुंबईइतका चांगला धडा भारतात दुसरा नाही. दिवा, ट्राम, वीज आणि बस यांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. यंत्र कुणीतरी विकायला आणतेच. ते घेताना शहर स्वतःच्या हातात काय राखते, यावर पुढचे सारे ठरते.

खर्चाचा हात आणि हिशेबाचा हात

क्रॉफर्ड धडाडीचे होते. रस्ते, गटारे, मंडया अशी कामे त्यांनी झपाट्याने काढली. १८६९ मध्ये पुरी झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, ही त्याच काळातली. पण खर्च उत्पन्नाच्या पुढे धावला. नगरपालिका कर्जात रुतली आणि करदाते संतापले. त्या असंतोषातून १८७२ चा कायदा आला. चौसष्ट सदस्यांचे महामंडळ स्थापन झाले आणि त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने या व्यवस्थेला आजचे रूप दिले. त्या कायद्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता. बऱ्याच दुरुस्त्या होऊन तोच कायदा आजही मुंबई महापालिकेचा पाया आहे.

वरवर पाहता या घडामोडीचा तंत्रज्ञानाशी संबंध दिसत नाही, पण तो फार जवळचा आहे. नवे यंत्र आणायला खर्च करण्याचा अधिकार लागतो. ते टिकवायला हिशेब मागणारा सभासद लागतो. पहिला अधिकार शहराला १८६५ मध्ये मिळाला, दुसरा १८७२ मध्ये. या दोन्हींतला एक जरी कमी पडला तरी यंत्र एकतर येत नाही, किंवा आले तरी शहराला कर्जात बुडवते.

वीज आली आणि गेली

१८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. भारतात विजेने उजळलेली पहिली इमारत म्हणून या मंडईचे नाव घेतले जाते. नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला होता. मंडई आणि काही रस्ते कंपनीने विजेने उजळायचे, असे ठरले होते. एडिसनचे न्यूयॉर्कमधले पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र सुरू झाले तेही याच वर्षी. म्हणजे मुंबई जगाच्या बरोबरीने चालत होती.

पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. मंडई पुन्हा गॅसवर आली.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मंडई अंधारात बुडाली नाही. गॅसची सोय अजून होती, म्हणून जुन्या दिव्यांकडे परतता आले. नव्याच्या उत्साहात जुने मोडून टाकण्याचा मोह प्रत्येक कारभाऱ्याला होतो. जागा वाचते, देखभालीचा दुहेरी खर्च टळतो आणि उद्घाटनाचा फोटोही चांगला येतो. पण नव्या तंत्रज्ञानाची पहिली काही वर्षे कसोटीची असतात. कंपनी बुडते, सुटे भाग मिळत नाहीत, माहितगार माणूस निघून जातो. त्या काळात मागे फिरण्याची वाट उघडी ठेवायला पैसे लागतात. ते पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही, कारण प्रयोग फसला तरी सेवा चालू राहावी यासाठी शहराने मोजलेली ती किंमत असते.

नगरपालिकेने विजेचा नाद सोडला नाही. १८९१ मध्ये मंडईच्या दिव्यांचा विषय पुन्हा निघाला. १८९४ मध्ये मंडईबरोबर नगरपालिकेच्या कचेऱ्यांनाही उजेड देईल अशी स्वतःची यंत्रणा उभारायचे ठरले. पहिल्या खेपेला बाहेरच्या कंपनीवर विसंबून पोळलेली संस्था दुसऱ्या खेपेला स्वतः वीज तयार करायला शिकू पाहत होती. अपयशातून असे शिकायचे तर संस्थेला स्मरणशक्ती हवी. आधीचा करार कुठल्या कलमावर अडला, कुणी काय इशारा दिला होता, हे फायलींत आणि माणसांच्या डोक्यात टिकून राहावे लागते.

घोड्यांची ट्राम आणि एक कलम

आता ट्रामकडे वळू. मुंबईत घोड्यांची ट्राम चालवण्याचा परवाना एका अमेरिकन कंपनीने १८६५ मध्येच मिळवला होता. पण यादवी युद्ध संपले, कापसाचा बाजार कोसळला आणि त्याबरोबर ती योजनाही बारगळली. नंतर बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली, १८७४ मध्ये ट्रामचा कायदा झाला आणि ९ मे १८७४ रोजी पहिली ट्राम धावली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जात होता, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. गाड्या चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किटरेज यांच्याकडे नऊशे घोडे होते, असे सांगतात. भाडे सुरुवातीला तीन आणे होते, पुढे दोन आणे झाले. पहिल्यांदा तिकीट दिलेच जात नव्हते. फुकट्या प्रवाशांची संख्या वाढल्यावर तिकिटे छापावी लागली. नवी सेवा सुरू करताना सगळे नियम आधीच सुचत नाहीत. काही नियम वापरातूनच घडतात, आणि ते घडवण्याइतकी लवचीकता व्यवस्थेत असावी लागते.

या सगळ्यात सर्वांत मोलाची गोष्ट मात्र १८७४ च्या कायद्यात दडली होती. ठरावीक मुदतीनंतर ट्रामवे ताब्यात घेण्याचा हक्क नगरपालिकेने राखून ठेवला होता. तो बजावण्याची वेळ १९०१ मध्ये येणार होती.

मुदत जवळ येऊ लागली आणि १८९९ मध्ये कंपनीने अर्ज केला. तिला ट्राम विजेवर चालवायची होती. मद्रासमध्ये १८९५ पासून विजेची ट्राम धावत होती, मुंबई मागे पडत होती. पण त्यासाठी मोठे भांडवल लागणार, म्हणून कंपनीने अट घातली. नगरपालिकेने ट्रामवे ताब्यात घेण्याचा आपला हक्क सोडावा.

हा क्षण प्रत्येक शहराच्या वाट्याला कधी ना कधी येतो. समोर चकचकीत नवे यंत्र असते, लोकांची मागणी असते, शेजारच्या शहराने ते घेतलेले असते. बदल्यात कागदावरचे एक कलम खोडायचे असते, आणि त्या कलमाचा उपयोग तर अजून काही वर्षांनी होणार असतो. होकार देणे सोपे असते. मुंबईच्या नगरपालिकेने हक्क सोडायला नकार दिला आणि उलट कंपनीच ताब्यात घ्यायचे ठरवले. कायदेशीर अडचणी उभ्या राहिल्या, काळ गेला. कलकत्त्यात १९०२ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, तरी मुंबईत घोडेच गाडी ओढत होते.

कोंडी फुटली ती तिसऱ्याच वाटेने. १९०४ मध्ये ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीने शहराला वीज पुरवण्याचा परवाना मागितला. १९०५ साली करार झाला आणि बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आपली बेस्ट, जन्माला आली. वीजपुरवठा आणि विजेची ट्राम या दोन्हींचा एकाधिकार तिला मिळाला. जुन्या ट्राम कंपनीची मालमत्ता तिने ९८ लाख ५० हजार रुपयांना विकत घेतली. वाडीबंदरला वाफेवर चालणारे ४,३०० किलोवॅटचे वीजकेंद्र उभे राहिले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. मद्रासच्या तुलनेत मुंबईने बारा वर्षे उशीर केला.

हा उशीर झाला नसता तर बरे झाले असते का? त्या बारा वर्षांत ट्रामची वाट पाहणाऱ्या मुंबईकराला नक्कीच तसे वाटले असेल. पण १९०५ च्या करारातही शहराने उपक्रम विकत घेण्याचा पर्याय राखून ठेवला. तो पर्याय वापरून ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्य आठवड्यावर आले असताना, महापालिकेने बेस्टची सारी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यात २४२ बस आणि त्यांचे २३ मार्ग होते. वीज आणि वाहतूक या दोन्ही सेवा शहराच्या मालकीच्या झाल्या. नावातल्या ‘ट्रामवेज’ची जागा ‘ट्रान्सपोर्ट’ने घेतली आणि आद्याक्षरे तीच राहिली. मद्रासमध्ये ट्राम शेवटपर्यंत खासगी कंपनीच्या हाती राहिली. कंपनी तोट्यात रुतली आणि १९५३ मध्ये तिथली ट्राम कायमची थांबली. सगळ्यांत आधी यंत्र आणणाऱ्या शहराकडे ती सेवा सगळ्यांत जास्त टिकली, असे झाले नाही.

१९०५ च्या करारावर सह्या करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी १९४७ पाहिले असेल. ज्याचा लाभ आपल्या कारकिर्दीत मिळणार नाही असे कलम लिहून ठेवणे, हे नागरी कारभारातले फार मोठे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही, त्याची कोनशिला बसत नाही, आणि ते लिहिणाऱ्यांची नावेही कुणाला आठवत नाहीत.

काय थांबवायचे

स्वीकारण्याइतकेच शहाणपण थांबवण्यात असते. मुंबईत मोटारबसचा विचार १९१३ मध्ये सुरू झाला. पहिली बस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. दुमजली बस १९३७ मध्ये आली. बस वाढत गेली, उपनगरांकडे सरकत गेली आणि रुळांना बांधलेली ट्राम मागे पडली. तरीही बस आल्यावर अडतीस वर्षे ट्राम चालू राहिली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. इतका काळ दोन्ही सेवा एकमेकींना पूरक राहिल्या, त्यामुळे ट्राम गेली तेव्हा प्रवासी उघड्यावर पडला नाही.

याच काळात आणखी एक प्रयोग झाला. रूळ नको पण विजेच्या तारा हव्यात, अशी ट्रॉलीबस १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर सुरू झाली. गाड्या अवघ्या बारा. १९७१ मध्ये ती बंद झाली. आज ती फार थोड्यांना आठवते, आणि ते बरेच आहे. एका मार्गावर थोड्या गाड्यांनी केलेला प्रयोग फसला तर शहराचे फारसे बिघडत नाही. सबंध शहराची वाहतूक एकाच नव्या कल्पनेवर पैजेला लावली असती, तर ती चूक पिढ्यांना भोगावी लागली असती.

आजचे करार

आता वर्तमानात येऊ. बेस्टच्या ताफ्यात पहिल्या विजेवरच्या बस नोव्हेंबर २०१७ मध्ये आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये वातानुकूलित विद्युत दुमजली बस धावू लागली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुन्या डिझेलच्या दुमजली बसला मुंबईने निरोप दिला. मोबाइलवर तिकीट काढता येते, बस कुठवर आली ते पाहता येते. धूर कमी झाला, गारवा आला. हे सारे स्वागतार्ह आहे.

पण यातल्या बहुतेक बस बेस्टच्या मालकीच्या नाहीत, त्या भाडेतत्त्वावर आहेत. कंत्राटदार बस आणतो, चालक नेमतो, दुरुस्ती करतो आणि बेस्ट त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे देते. या व्यवस्थेत एकदम मोठे भांडवल घालावे लागत नाही आणि यंत्र जुने होण्याची जोखीम कंत्राटदारावर जाते. स्वतः विकत घेतलेल्या गाड्यांचा अनुभव नेहमी चांगलाच होता असेही नाही. बेस्टने २००७ नंतर घेतलेल्या वातानुकूलित बस तोट्यात गेल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये त्या काढून टाकाव्या लागल्या. त्यामुळे मालकी हा सगळ्या दुखण्यांवरचा उतारा आहे, असे म्हणता येत नाही.

तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसच्या चालकांनी वेतनासाठी काम थांबवले आणि जवळपास आठवडाभर मुंबईकर थांब्यांवर ताटकळले, तेव्हा १८८३ मध्ये वीज कंपनी बुडाल्यावर पडलेला प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. चालक कंत्राटदाराचे आणि प्रवासी शहराचे. कंत्राटदाराचे आणि त्याच्या कामगारांचे बिनसले तर बस कोण चालवणार? कंत्राटदार मध्येच निघून गेला तर आगारात स्वतःच्या किती गाड्या उभ्या आहेत? गॅसचे दिवे शाबूत होते म्हणून मंडई उजळलेली राहिली. आजच्या करारांत तशी तजवीज किती ठेवली आहे, हे तपासणे शहराच्या हिताचे आहे.

दिव्यांनीही नव्याने एक धडा दिला. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळसर सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले. एलईडी कमी वीज खातो, त्याचा हिशेब बिनतोड होता. पण क्वीन्स नेकलेस म्हणून मिरवणारी ती सोनेरी माळ एका रात्रीत पांढरी पडली. नागरिकांनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पिवळसर प्रकाश पुन्हा आणावा लागला. वाचलेल्या विजेचे बिल मोजता येते. शहराशी जडलेले लोकांचे नाते मोजता येत नाही, म्हणून ते आधी विचारावे लागते. खांब लावण्यापूर्वी काही दिवे नमुन्यादाखल लावून लोकांना दाखवणे फार स्वस्तात पडले असते.

संगणकाच्या बाबतीत हीच पारख अधिक कडक हवी, कारण तिथे ताबा गेल्याचे डोळ्यांना दिसत नाही. २००० सालाच्या आसपास कल्याण-डोंबिवली महापालिकेने मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले, तक्रारी ही कामे संगणकावर आणून एकाच नागरी सुविधा केंद्रात दिली, आणि पुढे त्या धर्तीवर महाराष्ट्रातल्या इतर नगरपालिकांनीही काम सुरू केले. एका मध्यम शहराने वाट पाडली आणि राज्याने ती वापरली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ट्रामचे रूळ रस्त्यावर दिसत होते, ते उद्या कुणाच्या मालकीचे होणार हे सभासदाला विचारता येत होते. करदात्यांच्या नोंदी कुठल्या सर्व्हरवर आहेत, कंत्राट संपल्यावर त्या कुठल्या स्वरूपात परत मिळतील आणि प्रणालीत बदल करण्याचा हक्क कुणाचा, हे प्रश्न सभागृहात क्वचितच निघतात. १८७४ च्या कायद्यातले ते कलम आजच्या सॉफ्टवेअरच्या करारात असलेच पाहिजे.

नागरिकाच्या हातातली साधने

हे सारे नगरसेवक आणि अधिकाऱ्यांवर सोडून नागरिकाला मोकळे होता येणार नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने महापालिकेचे करार मागून वाचता येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे, मुदत टळली तर अपिलाची सोय केली आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. ऑनलाइन अर्जाला धार येते ती या मुदतीमुळे. मुदत नसेल तर कागदाच्या ढिगात अडकलेला अर्ज पडद्यावरच्या यादीत अडकतो, एवढाच फरक.

आपल्या शहरात नवी प्रणाली, नवी बस, नवा मीटर किंवा नवा कॅमेरा येणार असे कळले, तर पाच गोष्टी मागाव्यात. करार किती वर्षांचा आहे आणि मुदतीनंतर मालमत्ता व माहिती कुणाकडे जाईल. कंत्राटदार मध्येच थांबला तर सेवा कशी चालू राहील. आधी लहान भागात प्रयोग झाला का आणि त्याचा अहवाल कुठे आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी खिडकी उघडी राहणार का. आणि हे यंत्र समजणारी माणसे महापालिकेच्या स्वतःच्या नोकरीत किती आहेत.

या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर नवे तंत्रज्ञान निर्धास्तपणे घ्यावे आणि जोमाने घ्यावे. शहराला वेग हवाच, कारण पाणी, दिवे आणि बस यांची वाट पाहण्यात ज्यांचे दिवस जातात त्यांच्याकडे वाया घालवायला वेळ नसतो. पण उत्तरे मिळाली नाहीत तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकलायला लावणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. मुंबईने एका कलमासाठी विजेच्या ट्रामची वाट पाहिली, आणि शेवटी ट्राम, बस व वीज तिन्ही तिच्या लोकांची झाली.